सराव मध्येच थांबवा

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा सराव चालू आहे असे समजा. टेबलावर डमी, भोवती इंटर्न आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी. इंटर्न गर्भाशय चोळतो, ऑक्सिटोसिन द्यायला सांगतो, सलाईन लावून घेतो. परीक्षकाच्या चेकलिस्टवर सगळीकडे बरोबरच्या खुणा. पण रक्त ५०० मिलिलिटरच्या पुढे गेल्याचे पायाशी उभ्या मुलीला केव्हाच दिसले होते. ती बोलली नाही. डॉक्टरांना आपण कसे सांगायचे, हा तिच्या मनातला अडसर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तो बाहेर येतो विचारल्यावरच. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली काम करता करता होणारा विचार आणि काम उरकल्यावर होणारा विचार, असे दोन प्रकार मांडले. आपल्या स्किल्स लॅबमध्ये दुसऱ्यालाच जेमतेम पाच मिनिटे मिळतात, तीही घड्याळाकडे बघत. नवशिक्यांसाठी माझा आग्रह पहिल्याचा आहे. मध्येच थांबवा, ‘आत्ता तुला काय दिसतंय? पुढे काय होईल?’ असे विचारा आणि तोच प्रसंग पुन्हा करू द्या. खऱ्या लेबर रूममध्ये ही सोय नसते. हात बसलेल्यांना मात्र मध्ये तोडू नये. त्यांना ताण सोसत शेवटपर्यंत जाऊ द्यावे, मग निवांत बोलावे.

विचारण्याचीही रीत असते. ‘कोण विसरलं?’ म्हटले की सगळ्यांच्या माना खाली जातात. जेनी रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सुचवलेली पद्धत मला पटते : शिक्षकाने आपल्याला काय दिसले आणि कसली काळजी वाटली ते आधी सरळ सांगावे, मग विचारावे. ‘रक्त किती गेलं ते कुणीच मोठ्यानं बोललं नाही, मला भीती वाटली. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?’ या प्रश्नाला ती मुलगी उत्तर देऊ शकते.

एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमाने स्किल्स लॅब आणली, लॉगबुकात ‘रिफ्लेक्शन’ही आणले. मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलेले ‘रिफ्लेक्शन’ वाचताना वाईट वाटते, पण दोष मुलांचा नाही. विचार करायला आपण त्यांना वेळ दिलेलाच नसतो.

माझ्या शिक्षक मित्रांनो, पुढचे वेळापत्रक लावताना सरावाच्या तासातला निम्मा वेळ बोलण्यासाठी राखून ठेवा आणि त्या चर्चेत नर्सिंगच्या मुलींना इंटर्नच्या शेजारी बसवा.