मोफत तिकीट, जड पाऊल

विमानाचे तिकीट, हॉटेल, जेवण, बस, गाइड, सगळे फुकट. दहा दिवस परदेशात, सोबत आपल्याच वयाची तीस-चाळीस मुले-मुली. विशीतला कोणी याला नाही कशाला म्हणेल? तरीही अमेरिकेतले बरेच ज्यू तरुण आज या निमंत्रणापुढे अडखळतात. घरचे मात्र मागे लागलेले असतात. आई म्हणते, नाव नोंदव. मामा म्हणतो, मी गेलो होतो, आयुष्यातली सगळ्यात छान सहल. आजी काहीच म्हणत नाही, नुसती बघते. आजीचे ते बघणे सगळ्यात अवघड.

या सहलीचे नाव ‘बर्थराइट इस्राएल’, हिब्रूत ‘तागलित’, म्हणजे शोध. चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकेल स्टाइनहार्ट या दोन धनाढ्य ज्यू गृहस्थांनी पुढाकार घेतला, इस्राएल सरकारने आपला वाटा उचलला आणि 1999 च्या अखेरीस पहिल्या तुकड्या निघाल्या. तेव्हापासून जगभरातून 8 लाखांहून अधिक तरुण जाऊन आले, त्यांत बहुसंख्य अमेरिकन. वय 18 ते 26. मुख्य अट ही की तुम्ही ज्यू असावे. पुढे कॅसिनोसम्राट शेल्डन एडेलसन याने सढळ हाताने देणग्या दिल्या.

हे कशासाठी सुरू झाले, तेही समजून घ्यायला हवे. 1990 च्या एका पाहणीत अमेरिकन ज्यूंची निम्म्याहून अधिक नवी लग्ने ज्यू नसलेल्या जोडीदाराशी होत असल्याचा आकडा आला. तो नेमका किती बरोबर यावर नंतर बराच वाद झाला; पण घबराट पसरायची ती पसरली. पोरे हातची चालली, दोन पिढ्यांत आपण उरणार नाही! ही हाक आपल्या कानाला काही नवी नाही. मोहल्ल्यातल्या बैठकीत, जमातीच्या सभेत, लग्नाच्या मांडवात ती आपणही ऐकत आलो आहोत. त्यावर त्यांच्या वडीलधाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे ही सहल: मुलांना एकत्र न्या, त्यांच्या मनात वारसा जागवा, जमल्यास सोयरीकही जमेल. ब्रँडाइस विद्यापीठातले संशोधक वर्षानुवर्षे या मुलांचा मागोवा घेत आहेत. सहलीला गेलेल्यांत ज्यू जोडीदार निवडण्याचे प्रमाण न गेलेल्यांपेक्षा जास्त, असेच त्यांना आढळले. म्हणजे उपाय लागू पडला म्हणायचा.

सहलीचा नकाशा साधारण ठरलेला असतो. जेरुसलेमची पश्चिम भिंत. भल्या पहाटे मसादाच्या डोंगरावर चढून बघायचा सूर्योदय. मृत समुद्रात तरंगत काढलेले फोटो. तेल अवीवची रात्र. वाळवंटात बदाउनांच्या तंबूत मुक्काम आणि उंटाची फेरी. मग याद वाशेम, जिथे नाझींनी मारलेल्या 60 लाख ज्यूंची स्मृती जपली आहे, आणि हर्झल टेकडीवरचे लष्करी कब्रस्तान. बसमध्ये काही दिवस त्याच वयाचे इस्राएली सैनिकही सोबत असतात. गप्पा होतात, मैत्री होते, कधी प्रेमही. शॉल केल्नर या समाजशास्त्रज्ञाने या सहलींवर एक अख्खे पुस्तक लिहिले आहे. दहा दिवसांत माणसाचे मन एखाद्या भूमीशी कसे बांधले जाते, हे सहल आखणाऱ्यांना पक्के ठाऊक असते.

नकाशावर काय नाही, हेही त्यांना ठाऊक असते. हेब्रॉनच्या जुन्या बाजारातला ओस पडलेला रस्ता नाही. बेथलेहेमला लागून उभी भिंत नाही. निर्वासितांची छावणी नाही. जून 2018 मध्ये पाच ज्यू मुली चालू सहलीतून उतरल्या आणि माजी इस्राएली सैनिकांच्या ‘ब्रेकिंग द सायलेन्स’ या संस्थेबरोबर हेब्रॉन बघायला गेल्या. पुढच्या महिन्यात आणखी आठ जण असेच बाहेर पडले. त्याच्या आदल्या वर्षी ‘ज्युइश व्हॉइस फॉर पीस’ने तरुणांना हे तिकीट परत करण्याचे आवाहन केले होते. हे सगळे ज्यू. ही गोष्ट आमच्या वाचकांनी दोनदा वाचावी.

या मुलांचा सगळ्यात मोठा आक्षेप नावालाच आहे. बर्थराइट म्हणजे जन्मसिद्ध हक्क. मराठी माणसाला हे दोन शब्द लोकमान्य टिळकांमुळे शाळेपासून तोंडपाठ. टिळक तो हक्क मागत होते तो ज्या भूमीत माणूस जन्मला, राबला, तिथल्या स्वराज्याचा. इथे बाब उलटी आहे. न्यू जर्सीत जन्मलेल्या, ज्याच्या खापरपणजोबांनी पोलंड सोडून थेट न्यूयॉर्क गाठले, अशा मुलाचा हा हक्क. इस्राएलच्या 1950 च्या ‘परतीच्या कायद्या’ने ज्यूंना तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला, 1970 च्या दुरुस्तीने तो ज्यूंच्या नातवंडांपर्यंत नेला. आणि त्याच मुलाच्या वर्गात एखादी पॅलेस्टिनी मुलगी असते, जिच्या नानीने 1948 मध्ये याफा सोडताना दाराला कुलूप लावले होते. त्या वर्षी सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी हुसकावले गेले किंवा जिवाच्या भीतीने पळाले. त्यांना परतू द्यावे, असे सांगणारा 194 क्रमांकाचा ठराव संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 1948 मध्येच केला. अजून तो कागदावर आहे. नात अमेरिकन पासपोर्टवर पर्यटक म्हणून जाईलही, पण तिथे राहण्याचा हक्क तिला नाही. बैरूतच्या शातिला छावणीत वाढलेल्या तिच्या मामेबहिणीला तर पर्यटक म्हणूनही जाता येणार नाही.

ज्याचे तिथे काहीच नव्हते त्याला मोफत तिकीट, आणि जिचे घर होते तिला दरवाजा बंद. एकदा ही जोडी डोळ्यांसमोर आली की तिकीट हातात जड लागायला लागते. हे त्या मुलांना कोणा मौलानाने शिकवलेले नाही, आणि आपल्या मोर्चातल्या घोषणांमधूनही ते आलेले नाही. ते त्यांच्या वर्गात, त्यांच्या मैत्रीत आणि त्यांच्याच धर्माच्या शिकवणीत सापडले आहे. परक्यावर जुलूम करू नका, कारण तुम्हीही मिसरमध्ये परके होता, ही आज्ञा त्यांच्या तोरातमध्ये पुन्हा पुन्हा येते.

आता आजीकडे वळू. तिला प्रचारक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खोटे होईल. अनेक ज्यू घरांत 1940 च्या दशकाच्या आधीचे फोटोच नाहीत, कारण फोटोतली माणसेही उरली नाहीत. जर्मनीतून, ऑस्ट्रियातून निघालेल्या ज्यूंना तेव्हा देशामागून देश दारे बंद करत गेले. अमेरिकाही त्यांत होती. अशा आजीला जगात एक तरी दार आपल्यासाठी कायम उघडे असावे, असे वाटले तर त्यात नवल काय? 7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली, तेव्हा तिच्या मनातली ती जुनी भीती पुन्हा जागी झाली. तिच्या नातवाने मात्र पुढचे महिने फोनच्या पडद्यावर गाझातली मुले ढिगाऱ्याखालून काढली जाताना पाहिली, हजारोंनी. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर या दोन गोष्टी समोरासमोर बसतात. आजीला नातवाचा नकार म्हणजे आपल्या मेलेल्या माणसांचा नकार वाटतो. नातवाला आजीचा आग्रह म्हणजे डोळे मिटायला सांगणे वाटते. दोघांचेही एकमेकांवर जीव ओवाळून टाकण्याइतके प्रेम असते, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आमचे मत विचाराल तर अडखळणाऱ्या मुलाच्या बाजूने आम्ही उभे आहोत. पैसे कोण देतो आणि सोबत यायची कोणाला मनाई आहे, हे दोन प्रश्न फुकटच्या कुठल्याही वस्तूला विचारावेत. आपल्याकडे हजचे सरकारी अनुदान होतेच की. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले आणि 2018 मध्ये ते संपले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मुस्लिमांमधलेच लोक म्हणत होते की ऐपत असेल त्याच्यावरच हज फर्ज आहे, मग सरकारी पैसा हवा कशाला, आणि हा पैसा खरा जातो तो विमान कंपनीच्या खिशात. त्यांनाही तेव्हा घरच्यांनी ‘मिळते आहे ते कशाला नाकारायचे’ असेच सुनावले होते. अर्थात दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत. हजच्या अनुदानाने कोणाचे घर बळकावले नव्हते.

मात्र जाणाऱ्या प्रत्येकाला गुन्हेगार ठरवणे आम्हाला पटत नाही. सारा ग्लिडन ही अमेरिकन चित्रकार मनात शंकांचे गाठोडे घेऊनच या सहलीला गेली. परतल्यावर तिने त्या अनुभवावर चित्रकथेचे पुस्तक काढले, ते 2010 मध्ये आले. जाताना तिला जितकी उत्तरे ठाऊक होती, तितकी परतताना उरली नव्हती, हे ती प्रांजळपणे मांडते. काही मुले दहा दिवस संपल्यावर पदरचे पैसे घालून वेस्ट बँकेत जातात. काही गुपचूप मजा करून येतात आणि पुढे वर्षानुवर्षे तो विषय टाळतात. काही जातच नाहीत.

हे सगळे दूर अमेरिकेत चालले आहे, आपला काय संबंध, असे वाटणाऱ्या वाचकाला कोकणात घेऊन जावे लागेल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी आपल्या वंशाची कथा जोडणारे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, त्यांच्यातलाच. 1948 नंतर यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. तिथे त्यांना ‘वारसा’ सहज मिळाला असे समजू नका. बीरशेबात स्थायिक केलेल्यांपैकी काहींनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला भेदभावाविरुद्ध धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. काही खरेच परत आले. मग तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहाआधी वंशाची चौकशी करायचा फतवा काढला. रायगड जिल्ह्यातल्या गावांची आडनावे लावणारी ही माणसे पुरेशी ज्यू आहेत का, हा प्रश्न! त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा कुठे ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठणकावले.

त्यांतली अनेक कुटुंबे लोदमध्ये राहतात. बर्थराइटच्या मुलांचे विमान उतरते तो बेन गुरियन विमानतळ याच लोदच्या शेजारी. आणि जुलै 1948 मध्ये याच गावातून, तेव्हा लिद्दा म्हणायचे, हजारो पॅलेस्टिनींना उन्हातान्हात पायी हाकलले गेले. एका गावात एवढे सगळे आहे. तिथल्या मराठी ज्यू आजीला खलनायिका करून यातले काहीच समजणार नाही, आणि हाकललेल्यांना विसरूनही समजणार नाही.

आता थोडे आपल्या फोनबद्दल. गाझाचा राग खरा आहे, तो असायलाच हवा. पण त्या रागाच्या आडून ‘यहुदी कौमच अशी’ म्हणणारे जे व्हिडिओ आपल्या ग्रुपांवर फिरतात, ते पुढे पाठवणाऱ्यांत आपले शिकलेले भाऊबहीणही असतात. जगात कुठे स्फोट झाला की ‘तुम्ही निषेध केला का’ हा सवाल पुण्यात, मिरजेत, मालेगावात आपल्यालाच येतो. त्या सवालाने किती संताप होतो हे ज्याला माहीत आहे, त्याने तोच सवाल अमेरिकेतल्या ज्यू मुलाला विचारू नये.

आणि दुसरे टोकही नको. सहल नाकारणारे ज्यू हे ‘चांगले ज्यू’, असे म्हणून त्यांना डोक्यावर घेऊ नका. ‘चांगला मुसलमान’ ही पदवी आपल्यातल्या अनेकांना मिळाली आहे. आपल्या समाजाच्या चुकांवर बोट ठेवले की पलीकडून टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांमुळे आपली अम्मी आपले म्हणणे ऐकेनाशी होते. त्या मुलाचे भांडण त्याच्या घरातले आहे. आपल्या टाळ्यांनी ते त्याला आणखी अवघड होईल.

मुंबईत माझगावला सर एली कदुरी शाळा आहे. 19 व्या शतकात हैम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बेने इस्राएल मुलांसाठी काढलेली. तिथे आज बहुतेक विद्यार्थी मुस्लिम आहेत. त्यांतला एखादा उद्या शिकायला अमेरिकेत जाईल आणि होस्टेलच्या खोलीत त्याला एखादा ज्यू मित्र भेटेल, ज्याच्या ईमेलमध्ये ते मोफत तिकीट तीन आठवडे तसेच पडून आहे. तो बोलायला लागला तर लगेच नकाशे आणि आकडे काढून बसू नकोस. आजी काय म्हणाली, ते आधी विचार. मग तुझ्या नानीबद्दल सांग.