नवे पाहुणे आधी शाळेत!

गिफ्ट घेताना आपण काय बघतो? प्राइस टॅग, पॅकिंग आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटणारा तो 'वॉव'! गिफ्टच्या अंगावर किडे आहेत का, हे कोण बघतं? मीही नाही बघितलं, आणि मग चौदा दिवस घाम गाळत बसले.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात आठवडाभर मलकापूरला घरी निघाले होते. आमचं मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं, आंबा घाटाच्या अलीकडचं. (बुलढाण्याचं नव्हे. हे प्रत्येक वेळी सांगावंच लागतं!) आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच. सोबतीला चाळीस लिटरची काचेची टाकी. ती मुळात आईची हौस. तिने आणलेल्या काळ्या मोलींच्या पिलांची पिलं आता त्यात फिरतात. घरात टीव्हीही असतो, पण बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. माशांशी बोलतात.

कोल्हापुरात एसटी बदलताना वाटलं, चला, बाबांना सरप्राइज! एका दुकानातून लालबुंद स्वोर्डटेलची जोडी घेतली. प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर धरून घाटाच्या दिशेने निघाले. घरी पोचल्या पोचल्या पिशवीची गाठ सोडली आणि पाण्यासकट सगळं टाकीत ओतलं. बाबा खूश, मी त्याहून खूश. चार मोली, तीन प्लॅटी आणि हे दोन. एकदम हाउसफुल्ल!

पाचव्या दिवशी सकाळी बाबांनी हाक मारली, "अगं, हिच्या अंगावर साखर कुणी सांडली?"

काळ्या मोलीवर पांढरे ठिपके. अगदी साखरेच्या दाण्याएवढे. मासे दगडांवर अंग घासत होते, कल्ले जोरजोरात हलत होते. घाबरून आम्ही तेच केलं जे सगळे करतात. सगळं पाणी फेकलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. टाकी चकाचक! दुसऱ्या दिवशी एक मोली तळाशी आडवी.

मग सुचलं. आमच्याच रस्त्याने पुढे गेलात की रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे शिकलेली एक मैत्रीण आहे माझी. फोन लावला. आधी तिने यथेच्छ झापलं. मग समजावलं.

या आजाराला व्हाइट स्पॉट किंवा 'इक' म्हणतात. करणारा जीव एकपेशीय, नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. 1876 मध्ये फुके नावाच्या फ्रेंच माणसाने ठेवलेलं. अर्थ साधारण असा, की 'पुष्कळ पोरं असलेली माशाची ऊ'. हसू नका, नाव अगदी खरं आहे. तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून पोट भरणारा परजीवी. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत फुटत फुटत त्याची शेकडो पिलं होतात. ती बाहेर पडली की एक-दोन दिवसांत त्यांना मासा सापडला पाहिजे, नाहीतर ती मरतात. फंडा इथेच आहे. कातडीखाली आणि कवचात औषध पोचत नाही. मारता येतं ते फक्त पोहणाऱ्या पिलांना!

"आणि पाणी का बदललं सगळं?" तिने विचारलं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजमध्येच राहतात. आम्ही क्लोरीनच्या पाण्याने त्यांचाच निकाल लावला होता. म्हणजे आजारी माणसाच्या खोलीत धूर करून ठेवावा, तसं.

तर, प्लॅन असा ठरला. कोल्हापूरहून हीटर आणि थर्मामीटर. पावसात पाणी बावीस-तेवीस अंशांवर आलं होतं, ते रोज एक-दोन अंशांनी वाढवत तिशीपर्यंत न्यायचं. गरम पाण्यात परजीवीचं चक्र भरभर फिरतं, म्हणजे ती पोहणारी पिलं लवकर हाताशी येतात. जोडीला लिटरला दोन ग्रॅम साधं मीठ. म्हणजे आमच्या टाकीला ऐंशी ग्रॅम, तेही तीन दिवसांत विभागून, आधी पाण्यात विरघळवून. मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेलना मीठ आणि ऊब दोन्ही चालतं. कोरीडोरास किंवा लोचसारखे मासे किंवा टाकीत खऱ्या वनस्पती असतील, तर हा हिशेब चालत नाही. रोज पाव टाकी पाणी नळीने तळाचा गाळ ओढत काढायचं, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं घालायचं, आणि काढलं तेवढ्या पाण्याचंच मीठ परत. खाणं अगदी चिमूटभर.

चौथ्या दिवशी ठिपके गायब! बाबा म्हणाले, "बरे झाले की गं." मैत्रीण म्हणाली, "आत्ताच तर खरा धोका. ते सगळे तळाशी पोरं काढतायत. एक दिवसही थांबू नका."

आणि पाचव्या रात्री लाइट गेली. आंब्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. हीटर बंद, हवेचा पंप बंद. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी राहतो. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. आम्ही टाकीला घोंगडं गुंडाळलं आणि स्टीलच्या तांब्याने पाणी उचलून वरून धार धरत बसलो. आळीपाळीने, पहाटे चारपर्यंत.

"झोप तू, मी करतो," बाबा.

"मी करतो की, तुम्ही झोपा," मी. (पुण्यात इतकी वर्षं काढली तरी घरी पोचले की मी 'करतो-जातो'वर येते.)

तेव्हाच कंदिलाच्या उजेडात बाबा म्हणाले, "तुला शाळेत ठेवलं होतं बघ. यांना ठेवायचं राहिलं."

मे 2020. पुण्याहून गावी आले तेव्हा बाहेरून येणाऱ्या सगळ्यांसारखी मलाही चौदा दिवस शाळेत राहायला लागलं होतं. आई रोज डबा गेटवर ठेवून लांब जाऊन उभी राहायची. मी चिडले होते. स्वतःच्या गावात पाहुणी काय म्हणून? 1377 मध्ये रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, या बंदराने साथीच्या गावांहून आलेल्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा नियम केला, तेव्हाही कोणीतरी असंच चिडलं असणार. पण आई लांब उभी राहायची ती मला घाबरून नव्हे, आत आजी होती म्हणून. हे मला माशांनी शिकवलं, आणि जरा उशिराच.

शेवटी हिशेब असा : दोन मोली आणि एक स्वोर्डटेल गेले. बाकीचे सहा वाचले. शेवटचा ठिपका दिसल्यानंतरही आठवडाभर आम्ही मीठ-हीटर चालू ठेवलं.

तर मंडळी, नवा मासा आणलात की दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा. त्याला वेगळी जाळी, वेगळी नळी. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि मासा जाळीने उचला, पिशवीतलं पाणी मोरीत. आणि फिल्टरचा स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात धुवा.

दिवाळीत घरी गेले तर सोप्यात एक निळा टब दिसला. आत छोटा फिल्टर, नवीन दोन प्लॅटी. टबावर बाबांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली : 'शाळा'. खाली तारीख, आणि त्याखाली सुट्टीची तारीख.

मी मोजलं. पूर्ण अठ्ठावीस दिवस. माझ्या दुप्पट!