हृदयाचा जमाखर्च

मनुष्यास ठोके मोजूनच मिळालेले असतात, ते श्रमांत उधळू नयेत, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. आम्हांस ती सर्वस्वी भ्रामक वाटते. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी दिसला. (चालकांच्या विजारी कमरेत मोठ्या होत्या, हेही मॉरिस यांनीच पुढे गणवेशांच्या मापांवरून दाखविले.)

विसाव्यात मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त लोटणारे हृदय जोराच्या श्रमांत २० लिटरांपर्यंत जाते. पायांचे आवळणारे स्नायू रक्त त्याच्याकडे परत ढकलतात. नित्य सरावाने प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त जाते, म्हणून विश्रांतीत थोडे ठोके पुरतात. अर्ध्या तासाच्या व्यायामात मिनिटाला ६० ठोके जास्त पडले, तर खर्च १,८००. पण एरवीची गती मिनिटाला ५ ठोक्यांनी उतरली, तरी दिवसाकाठी सुमारे ७,००० वाचतात!

परीक्षा जवळ येताच खेळाचा तास गणितास देणाऱ्या शाळांनी हे गणितही एकदा सोडवावे. तो तास त्यांनी मुलांस परत द्यावा. आणि न दिल्यास पालकांनी तो मागून घ्यावा.