यादी कुणाच्या हातात?

सोलापुरात विडी कामगार बायांच्या वस्तीत मी काम करते. "लग्नात अंगावर काय होतं?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं : "बोरमाळ, खड्यांची ठुशी, कुड्या." "मग आता कुठायत?" की सगळ्या गप्प. सासूच्या कपाटात, नाहीतर दिराच्या धंद्यासाठी गहाण.

नवऱ्यानं घराबाहेर काढलेली एक मुलगी आमच्याकडे आली. दागिने मागायला गेलो तर विचारणा झाली, "पुरावा काय?" तिच्याकडे फक्त लग्नाचा फोटो. फोटोत खडे चमकतात, वजन दिसत नाही.

प्राचीन इजिप्तचे सोन्यात लाजवर्द, पिरोजा जडवलेले दागिने आपण चित्रांत बघतो. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या विवाहकरारांत बायकोनं आणलेल्या वस्तूंची किमतीसह यादी असे, आणि काडीमोड झाला तर ते परत द्यायची जबाबदारी नवऱ्यावर असे!

याद्या आपल्याकडेही होतात. पण सह्या पुरुषांच्या, कागद पुरुषांच्या खिशात, आणि मुलगी पोहे देऊन आत गेलेली. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालचे १९८५ चे नियम सांगतात की वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनं ठेवावी, त्यावर वधूवर दोघांच्या सह्या असाव्यात. स्त्रीधन हे बाईचं एकटीचं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आणि २०२४ साली पुन्हा बजावलं. मी मात्र अशी यादी एकाही लग्नात पाहिलेली नाही.

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, "दागिने म्हणजे बेड्या. त्यांच्यासाठी कशाला भांडायचं?" कॉलेजात मीही हेच बोलत असे. पण जिच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तिच्याकडे ठुशीखेरीज आहे काय? बेडी म्हणून ती सोडून द्यायचा हक्क तिचा. परस्पर गहाण टाकायचा हक्क इतर कुणाचाच नाही. आणि यादी मागणं म्हणजे हुंड्याला मान्यता देणं नव्हे. हुंडा गुन्हाच आहे. पण जे तिचं आहे, त्याचा कागद तिच्याकडे हवा.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या लग्नसराईत एवढं करू या. पावती मुलीच्या नावानं घ्यायची. सोन्याचं आणि खड्यांचं वजन वेगळं लिहून घ्यायचं, कारण गहाण ठेवताना खड्यांचं वजन वजा होतं. कुंदन, जडाऊ दागिन्यांना २०२१ मध्ये हॉलमार्कच्या सक्तीतून सूट दिली गेली, म्हणून तिथं पावतीला जास्तच जपायचं. आणि यादीची एक प्रत माहेरी.

अक्षता टाकण्याआधी विचारा : यादी कुठाय?