वेंगरचं काय करायचं?

आर्सनलच्या दोन चाहत्यांना एका टेबलावर बसवा. चहा येईपर्यंत आर्सेन वेंगरचं नाव निघणार आणि चहा संपेपर्यंत भांडण लागलेलं असणार. वेंगर आर्सनल सोडून गेला २०१८ साली. मधे उनाय एमरी येऊन गेला, २०१९ च्या डिसेंबरात आर्टेटा आला, २०२३ मध्ये क्लबाने एमिरेट्स स्टेडियमबाहेर वेंगरचा पुतळासुद्धा बसवला. तरी 'देवमाणूस' की 'देवमाणूस होता हो, पण दहा वर्षं जास्त बसला' हा वाद काही मिटत नाही. पुतळा झाला की माणसाबद्दलचं भांडण संपतं असं म्हणतात. इथे तसंही झालं नाही.

फुटबॉल न बघणाऱ्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. १९९६ मध्ये जपानच्या नागोया क्लबातून हा चष्मेवाला फ्रेंच माणूस लंडनला आला. अर्थशास्त्राचा पदवीधर, दिसायला थेट कॉलेजातला प्राध्यापक. 'हा कोण आर्सेन?' अशा अर्थाचा मथळा तिथल्या पेपरात छापून आला होता. त्याने आधी खेळाडूंची दारू आणि चॉकलेटं कमी केली, ताटात उकडलेलं चिकन आणि ब्रोकोली आणली. मग १९९८ आणि २००२ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. २००३-०४ चा सीझन तर विचारूच नका. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, हार शून्य. सलग ४९ लीग सामने हा संघ हरला नाही, शेवटी २००४ च्या ऑक्टोबरात ओल्ड ट्रॅफर्डवर हरला. त्यानंतर लीग? वेंगर असेपर्यंत एकदाही नाही. म्हणजे २२ वर्षांतली शेवटची १४ वर्षं कोरडी. भांडण आहे ते या १४ वर्षांचं.

विरोधकांचा एक आवडता मुद्दा आधी निकालात काढतो. 'सुरुवातीचं यश वेंगरचं नव्हतंच, त्याला जॉर्ज ग्रॅहमने बांधलेली बचावफळी आयती मिळाली.' १९९८ पुरतं यात तथ्य आहे. सीमन, डिक्सन, ॲडम्स, विंटरबर्न ही सगळी तयार भिंत होती. पण २००४ चा संघ बघा. गोलमध्ये लेमन, पुढे लॉरेन, टूरे, कॅम्पबेल, कोल. ग्रॅहमच्या काळातला यात एकही नाही. वारशात मिळालेलं घर पाडून त्याच जागी नवं, आणि मूळच्यापेक्षा चांगलं, बांधणाऱ्याला 'आयतं मिळालं' म्हणायचं का?

आता खरा मुद्दा. २००६ मध्ये क्लब हायबरी सोडून एमिरेट्सला गेला. ३८ हजारांच्या मैदानातून ६० हजारांच्या मैदानात, खर्च सुमारे ३९ कोटी पौंड. आणि टायमिंग बघा राव! २००३ मध्ये अब्रामोविचने चेल्सी घेतला, २००८ मध्ये अबू धाबीवाल्यांनी मँचेस्टर सिटी. शेजारी तिजोऱ्या उघडत होते तेव्हा आर्सनल हप्ते फेडत होता. वेंगरने पाच वर्षांचा करार करावा अशी कर्ज देणाऱ्या बँकांची मागणी होती, असं त्यानेच नंतर सांगितलंय. बँकेला तारण म्हणून इमारत लागते, इथे मॅनेजरही लागला.

मग सुरू झाली विक्री. २००७ मध्ये हेन्री बार्सिलोनाला, २००९ मध्ये आदेबायोर आणि कोलो टूरे सिटीला, २०११ मध्ये फाब्रेगास आणि नासरी, २०१२ मध्ये व्हॅन पर्सी (तोही मँचेस्टर युनायटेडला! पुढच्याच वर्षी त्यांनी लीग जिंकली). आणि हे सगळं होऊन संघ दरवर्षी पहिल्या चारात. २०१२ आणि २०१३ मध्ये तर टॉटनहॅमच्या पुढे फक्त एका गुणाने. चौथं आलात तर चॅम्पियन्स लीगचे पैसे येणार, नाही आलात तर पुढच्या वर्षाचं बजेट कोसळणार.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळावं. चालू सिस्टिम एका डेटासेंटरमधून दुसऱ्यात हलवायची, डाउनटाइम शून्य, बजेट अर्धं, आणि दर तीन महिन्यांनी टीममधला सर्वात हुशार पोरगा पेपर टाकणार. असं काम पार पाडणाऱ्याला कोणी टाळ्या वाजवत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला काही घडलेलंच दिसत नाही. मला विचाराल तर २००६ ते २०१३ हे वेंगरचं सर्वात मोठं काम. नाबाद सीझनपेक्षाही मोठं. इथे अर्धे वाचक पान बंद करणार, करा!

पण बाकीच्यांनी थांबा, कारण पुढची बाजू त्याच्या भक्तांना आवडणार नाही. २०१३ मध्ये ४ कोटी पौंडांच्या वर मोजून ओझिल घेतला, म्हणजे पैशाची तंगी संपली. आणि दोन वर्षांनी, २०१५ च्या उन्हाळ्यात, या माणसाने काय खरेदी केली? एक गोलकीपर. पीटर चेक. बस. सिनियर संघासाठी त्याशिवाय एकही खेळाडू नाही. त्याच सीझनमध्ये चेल्सी कोसळला, सिटी आणि युनायटेड धडपडत होते, आणि लीग जिंकली कोणी तर लेस्टरने! लेस्टर अख्ख्या सीझनमध्ये तीनच सामने हरला आणि त्यातले दोन आर्सनलविरुद्ध. ५-२ आणि २-१. ज्यांना तुम्ही घरी आणि त्यांच्या दारात हरवलंत, ते तुमच्यापेक्षा दहा गुण पुढे राहून चॅम्पियन होतात. इथे ना अब्रामोविच आडवा आला, ना बँकेचा हप्ता. एक चांगला स्ट्रायकर आणि मिडफिल्डमध्ये एक दांडगा गडी एवढंच हवं होतं, हे टीव्हीवर बघणाऱ्या पोरालाही दिसत होतं.

का झालं असं? माझं मत असं की त्याला 'नाही' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. डेव्हिड डीन हा व्हाइस चेअरमन, खेळाडू आणण्याचे व्यवहार तो बघायचा आणि वेंगरशी त्याची जोडी होती. २००७ मध्ये तो क्लबातून बाहेर पडला. त्यानंतर कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, कोणाला किती पगार, सगळं एका टेबलावर. आपल्याकडेही असे आर्किटेक्ट असतातच की. पहिलं व्हर्जन त्यांनीच लिहिलेलं, सगळ्या कोडचा रिव्ह्यू त्यांच्याकडेच, आणि त्यांच्या डिझाइनला हात लावायची कोणाची टाप नाही. माणूस वाईट नसतो. उलट फार चांगला असतो, म्हणूनच कोणी बोलत नाही.

असो. बोलणारे शेवटी बोलले, पण कुठे तर आकाशात. २०१७ च्या मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमच्या मैदानावरून 'वेंगर चले जाव' छाप बॅनर ओढत विमान फिरलं, आणि पाठोपाठ त्याच्या समर्थकांचं दुसरं विमान! खाली संघ ३-१ ने हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुगाबेविरुद्धच्या मोर्चात कोणीतरी झिम्बाब्वेतही वेंगर हटावचा फलक धरला होता. हसू येतं, पण सत्तरीला टेकलेल्या माणसाला त्या दोन-तीन वर्षांत जे ऐकून घ्यावं लागलं ते ओंगळ होतं. आणि त्याने उलट एक वेडावाकडा शब्द काढला नाही.

मात्र 'कृतघ्न चाहते' हा शब्द आपण भारतीयांनी जरा जपून वापरावा. आपण शनिवारी रात्री केबलच्या पैशांत सामना बघतो. तिथे २०१४ मध्ये आर्सनलचं सर्वात स्वस्त सीझन तिकीट हजार पौंडांच्या वर होतं. एवढे पैसे मोजून दरवर्षी मार्चमध्ये तोच सिनेमा बघणाऱ्या माणसाने शिट्ट्या मारल्या तर मी पुण्यात सोफ्यावर बसून त्याला कृतज्ञता शिकवणार नाही. बायर्नकडून २०१७ मध्ये दोन्ही सामन्यांत ५-१, एकूण १०-२. कसली कृतज्ञता!

मग त्याने जायला कधी हवं होतं? माझं उत्तर ठरलेलं आहे, मे २०१४. एफए कपची फायनल, हलविरुद्ध पहिल्या दहा मिनिटांतच ०-२, तिथून ३-२. नऊ वर्षांचा दुष्काळ संपला, स्टेडियमचा सर्वात अवघड काळ मागे पडला, पोरांनी त्याला उचलून हवेत उडवलं. तिथेच नमस्कार करून निघाला असता तर आज भांडायला विषय उरला नसता. त्याने तीन वर्षांचा नवा करार केला, आणि २०१७ मध्ये आणखी दोन वर्षांचा. एकाच क्लबात २२ वर्षं राहणं ही कदाचित आपली चूकच झाली, असं त्यानेच पुढे २०१८ मध्ये एका फ्रेंच रेडिओवर म्हटलं.

आमच्या टीममधला एक पंचविशीतला पोरगा हे ऐकून उखडला. त्याने आर्सनल बघायला सुरुवात केली तीच मुळी हलच्या सामन्यापासून. नाबाद सीझन त्याच्यासाठी आपल्याला १९८३ चा वर्ल्ड कप असतो तसा, म्हणजे क्लिपांमधला. म्हणाला, "मग २०१५ चा कप? २०१७ ला चेल्सीला हरवून जिंकलेला कप? ते परत करायचे का?"

छे. परत कशाला, ते ठेवायचेच.