राखणीची बाटली

पुण्याची भाची आली, ती मोबाइलवर हॅलोविनच्या पार्टीचे फोटो दाखवत. ३१ ऑक्टोबरची रात्र, आणि बिअरच्या बाटल्यांवर कवट्या नि चेटकिणी! "मावशी, अमेरिकेत लाल भोपळ्याचीसुद्धा बिअर करतात." करतात खरी. पूर्वी तिथल्या वसाहतींत माल्टची टंचाई असे, म्हणून भोपळा घालत. पुण्यात २००९ साली 'डूलाली' निघाल्यापासून आपल्याकडेही अशा ताज्या बिअरचं वेड आलंय.

पण मैत्रिणींनो, भूत आणि बाटली ही जोडी आपल्या रत्नागिरीकडे काय नवी आहे? वर्षाची राखण द्यायची तर राखणदाराला कोंबडा हवा, दारू हवी. पुरुष मंडळी जातात, गाऱ्हाणं घालतात, थोडी दारू जमिनीवर ओततात. उरलेली कुठे जाते, हे तुम्हांला मी सांगायला नको!

भाचीने विचारलं, "तुम्हांला नाही देत प्रसाद?" मी हसले. तिचं पिणं मला पटत नाही. पण ती आपल्या पैशाने एक ग्लास घेते आणि शुद्धीत घरी येते, हेही खरं.

माझ्या सासूबाई अमावस्येलासुद्धा एकट्या विहिरीवर जायच्या. राखणीच्या रात्री मात्र कडी वाजली, की आधी पोरांना आतल्या खोलीत न्यायच्या.