मुक्या भीतीवरील औषध

डोंबिवलीतील चाकरमान्यांच्या घराला सकाळच्या लोकलच्या वेळी लागलेले कुलूप संध्याकाळीच उघडते. मागे राहिलेला कुत्रा दिवसभर भुंकतो, दार ओरबाडतो. शेजारी तक्रार करतात, मालक चोप देतो आणि अखेर एखाद्या दिवशी त्यास दूर नेऊन सोडले जाते. वस्तुतः हा खोडसाळपणा नसून एकटेपणाची भीती असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली कुत्र्यांतील या विकारासाठी फ्लुओक्सेटीनला मान्यता दिली.

मात्र या औषधाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि एकटे राहण्याची सवय हळूहळू लावण्याच्या जोडीनेच ते द्यावयाचे असते. घरातील माणसांची गोळी अंदाजाने देणे घातक ठरू शकते. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

फटाक्यांच्या भीतीचे मूळ तर घराबाहेर आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली. दिवाळीत प्रत्येक सोसायटीने तेवढे जरी पाळले, तरी मुक्या जनावरांच्या रात्री पुष्कळ सुसह्य होतील. त्यासाठी कोणत्याही औषधाची गरज नाही.